ताईत चालतो, दवाखान्याची वाट अडवलेली चालत नाही

पावसाळा लागला, कपाशीत डवरे फिरू लागले की वडनेरच्या शिवारात सापाच्या गोष्टी निघतात. सापामागोमाग गंडेदोरे येतात आणि कोणीतरी म्हणतंच, ‘आता ताईत बांधला तरी पोलीस धरतात.’

नाही धरत. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याला दंडावरच्या ताईताशी काही देणंघेणं नाही. पूजा, यात्रा, कीर्तन यांना तर त्यात सूटच आहे. गुन्हा होतो तो साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र केलं तर. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, मिरचीची धुरी दिली, तरीही. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं.

‘पण मंत्रानं विष उतरलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!’ पाहिलं असेल. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असं नाही. जो बरा होणारच होता, तो मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतो.

खरा घात मण्यार करतो. हा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं लागलं.’ उतारा टाकेपर्यंत श्वास थांबायची वेळ येते.

ताईताचं हे खूळ आपलंच आहे, असंही समजू नका. चीनमधले दाओपंथी पुरोहित पिवळ्या कागदावर लाल शाईनं ‘फू’ नावाचे ताईत लिहीत. मुळात फू म्हणजे सरकारी खूण : दोन तुकडे जुळले तर हुकूम खरा. म्हणून ताईताच्या शेवटी हान काळातल्या सरकारी कागदांवरचीच भाषा येते, कायद्याबरहुकूम तातडीनं अंमल व्हावा, अशी. थोडक्यात, भुताला तहसीलची नोटीस! इ.स. 184मध्ये बंड करणारा चांग च्युए रोग्यांना असाच फू घालून मंतरलेलं पाणी पाजत असे. त्या लाल शाईत पुष्कळदा हिंगूळ असे, म्हणजे पाऱ्याचं संयुग.

साप चावला, किंवा नुसती शंका आली, तर चीर देऊ नका, दोरी आवळू नका. हातपाय हलू न देता 108ला फोन लावा आणि हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. दंडावरचा ताईत आवळत नसेल तर तसाच राहू द्या. प्रतिविषाच्या सलाईनला त्याची अडचण होत नाही.