जोत्याची भरणी आणि मुरुमाची निवड



आपल्या गांवगाड्याच्या जुन्या भाषेंत जमिनीचे दोन भाग सांगितलेले आढळतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद केवळ रंगाचा नव्हता. ज्या भुईंत कापूस उत्तम पिकतो त्या भुईवर घर नीट उभें राहात नाहीं, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव या दोन शब्दांत सांठविलेला आहे. परंतु आतां काळ बदलला. अमरावती आणि अकोला हीं शहरें वाढलीं, तालुक्याचीं गांवें वाढलीं, आणि कालपर्यंत जेथें पऱ्हाटी उभी होती तेथें आज घरांसाठीं भूखंड पडले आहेत. पांढरी काळीवर चढली आहे. अशा वेळीं घराचें जोतें कशानें भरावें, ती भरणी कोठून व किती मागवावी, आणि ती कशी घालावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी जन्माची पुंजी घालून घर बांधणाऱ्या कुटुंबाला तो फार महत्त्वाचा आहे. भिंतीचा रंग चुकला तर पुन्हां देतां येतो. जोत्यांतील भरणी चुकली तर ती दुरुस्त करण्यासाठीं सारी फरशी उखडावी लागते.

प्रथम काळ्या मातीचा स्वभाव पाहूं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, हजारों वर्षें झीज होऊन ही माती तयार झाली. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत तर अशा झिजेचा गाळ फार खोलवर सांचलेला आहे. या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें एक सूक्ष्म खनिज असतें. त्याची रचना एकावर एक ठेवलेल्या पातळ पापुद्र्यांसारखी असते. पाणी मिळालें कीं तें या पापुद्र्यांच्या मध्यें शिरतें व माती फुगते. पाणी उडालें कीं पापुद्रे जवळ येतात व माती आकसते. वैशाखांत आपल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या सरी कोसळल्यावर त्याच मिटून जातात, याचें कारण हेंच. शेताला यांत अपाय नाहीं. परंतु घराखालची माती असा श्वास घेऊं लागली म्हणजे फरशी मधोमध उचलली जाते, दारें चौकटींत अडकतात आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा निघतात. विशेष हें कीं, जड इमारतीपेक्षां हलक्या एकमजली घराला हा त्रास अधिक होतो. कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतकें वजन त्या घराला नसतें.

आतां आपल्याकडे होणारी नेहमींची चूक लक्ष्यांत घ्या. पायाचे चर खणले कीं काळ्या मातीचा मोठा ढीग बाजूला पडतो. जोतें भरावयाचें असतेंच. तेव्हां घरची माती असतां विकत कशाला आणावी, असा विचार करून तीच माती जोत्यांत लोटली जाते. यांत चार पैसे वांचल्यासारखे दिसतात. पण ज्या शत्रूपासून घराला दूर ठेवावयाचें त्यालाच आपण घरांत बोलावून बसवितों. खणलेली काळी माती बागेला किंवा शेताला द्यावी. तेथें ती सोनें आहे. जोत्यांत मात्र तिला थारा देऊं नये. हीच गोष्ट तलावाच्या गाळाची. धरणांतील गाळ काढून शेतांत पसरण्याची योजना महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं हातीं घेतली, आणि तो गाळ पिकाला हितकर आहे. पण फुकट मिळतो म्हणून तो भरणीस वापरणें म्हणजे काळ्या मातीचें सारच घराखालीं घालणें होय.

मग भरणीस योग्य काय? आपल्या भागापुरतें उत्तर एका शब्दांत सांगतां येतें, मुरूम. ज्या पाषाणापासून काळी माती झाली त्याच पाषाणाची अर्धवट झीज झाली म्हणजे मुरूम होतो. उत्तरेस गाविलगडच्या डोंगराचा पायथा, अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या टेंकड्या, दक्षिणेस पातूर व बार्शिटाकळीकडील चढ अशा बरड प्रदेशांत तो सांपडतो. चांगल्या मुरुमांत बारीक खडे, रवाळ वाळूसारखा भाग आणि थोडी माती असें मिश्रण असतें. खडे भार सोसतात आणि बारीक भाग त्यांमधील पोकळी भरून काढतो. म्हणून तो ओला करून चोपला कीं घट्ट बसतो, आणि पुढें पाणी लागलें तरी फारसा फुगत नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन केलें. काळी माती व बांधकाम यांच्यामध्यें न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, सुमारें एक मीटर जाडीचा, दाबून बसविलेला थर घातला तर खालच्या फुगवट्याचा जोर वर फारसा पोंचत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. चांगला मुरूम हा अशा थरासाठीं आपल्याकडे सहज मिळणारा पदार्थ आहे.

परंतु मुरूम या नांवाखालीं जें जें विकलें जातें तें सर्वच मुरूम नसतें. खदानीच्या वरच्या अंगास काळ्या मातीचा थर असतो आणि तो मालांत मिसळून येतो. म्हणून माल मागविण्यापूर्वीं खदानीवर जाऊन स्वतः पाहावें, घमेलेंभर नमुना घरीं आणावा आणि पुढील साध्या परीक्षा कराव्या.

पहिली परीक्षा हाताची. नमुन्यांतील बारीक भाग ओला करून तळहातावर वळावा. त्याची सुतळीसारखी बारीक, लवचीक वळकटी होत असेल तर त्यांत चिकणमाती फार आहे असें समजावें. वळतां वळतां ती तुटत असेल तर ठीक.

दुसरी परीक्षा बाटलीची. नमुना मैद्याच्या चाळणींतून चाळून अगदीं कोरडा करावा. सारख्या आकाराच्या दोन उभ्या कांचेच्या नळ्या किंवा बाटल्या घ्याव्या आणि दोहोंत सारखाच, एकाच वजनाचा, नमुना घालावा. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल ओतावें, ढवळावें आणि एक अहोरात्र स्वस्थ ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. दुसऱ्या दिवशीं दोन्ही थरांची उंची फूटपट्टीनें मोजावी. रॉकेलांतील थर १० आणि पाण्यांतील ११ भरला, तर फुगवटा शेंकडा १० झाला. असा माल खुशाल घ्यावा. पाण्यांतील थर १५ किंवा त्याहून अधिक भरला, तर तो माल कितीही स्वस्त असला तरी नाकारावा. प्रयोगशाळेंत मोजपात्रें घेऊन जी परीक्षा करतात तिचेंच हें घरगुती रूप आहे. मोठें बांधकाम असेल तर नमुना प्रयोगशाळेंत तपासून घेणेंच इष्ट.

तिसरी परीक्षा क्षाराची. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या कांठानें खारपाणपट्टा पसरला आहे, हें आपण जाणतांच. त्या भागांतील माती भरणीस आणली तर तींतील क्षार ओलीबरोबर भिंतींत चढतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. यासाठीं नमुना पाण्यांत कालवून वरचें निवळ पाणी काळ्या थाळींत उन्हांत आटवावें. मागें पांढरी पुटें राहिलीं तर तो माल घेऊं नये. पाडलेल्या जुन्या घरांच्या मातीलाही हाच नियम लावावा. शिवाय तींत लांकडाचे तुकडे व काडीकचरा असल्यास वाळवीला आमंत्रणच मिळतें.

आतां मागणीचें गणित. मुरूम ब्रासानें विकला जातो. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. समजा, जोत्याच्या आंतील जागा ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे, आणि फरशीची जाडी वगळून २ फूट भरणी करावयाची आहे. तर ३० गुणिलें २० गुणिलें २, म्हणजे १,२०० घनफूट, अर्थात् १२ ब्रास झाले. परंतु ही दाबून बसलेल्या भरणीची मोजणी झाली. गाडींतील मुरूम भुसभुशीत असतो आणि चोपल्यावर साधारणपणें पांचवा हिस्सा कमी होतो. तेव्हां १२ ब्रास भरण्यास १५ ब्रास मागवावे लागतात. हें न जाणल्यामुळें पुष्कळांची भरणी ऐन वेळीं अपुरी पडते, आणि मग उरलेली पोकळी त्याच काळ्या मातीनें बुजविली जाते.

गाडीचें माप तोंडी सांगण्यावर सोडूं नये. ट्रॉलीची आंतील लांबी, रुंदी आणि मालाची उंची स्वतः मोजावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच भरलेल्या ट्रॉलींत १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासाला किंचित् कमी माल येतो. १५ ब्रासांस अशा १३ खेपा लागतील. मालाची उंची मध्यें एक व कडेला एक असते, म्हणून ती चार ठिकाणीं मोजून सरासरी घ्यावी. दर ब्रासाचा ठरवावा, खेपेचा नव्हे. आणि प्रत्येक खेप आपल्या डोळ्यांदेखत रिती करवावी. वर मुरूम आणि खालीं काळी, असा प्रकार रिती करतांनाच उघडकीस येतो.

एक गोष्ट कायद्याची. मुरूम हें गौण खनिज आहे, आणि भरावासाठीं लागणारी साधी मातीही केंद्र सरकारनें २००० सालीं गौण खनिजांत घातली. त्याचें स्वामित्वधन शासनाला द्यावें लागतें, व वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर असावा लागतो. तो पाहिल्याविना माल उतरवून घेऊं नये. चोरट्या उत्खननानें टेंकड्या पोखरल्या जातात, पाण्याचे ओघ बदलतात आणि त्याचें प्रायश्चित्त साऱ्या गांवाला भोगावें लागतें. जुन्या गढ्यांची पांढरी मातीही उकरून आणूं नये. ती गांवाच्या इतिहासाची ठेव आहे.

माल आला म्हणजे काम संपलें असें नाहीं. खरें काम पुढेंच आहे. जोत्याच्या आंतील वरची काळी माती, मुळें व गवत यांसह, शक्य तितकी काढून टाकावी. उन्हाळ्यांत तळाची माती भेगाळलेली असते. तिच्यावर तशीच भरणी केली तर पुढें ओल पोंचतांच ती फुगून वरचें सारें उचलते. म्हणून तळाला कांहीं दिवस बेतानें पाणी देऊन भेगा मिटूं द्याव्या आणि मग लगेच मुरूम पसरावा. मुरूम एकदम दोन फूट ओतून वरून पाणी सोडणें ही सर्वत्र आढळणारी पण घातक पद्धत आहे. त्यानें वरचा भाग बसतो, खालचा पोकळ राहतो. सहा ते नऊ इंचांचा एकेक थर पसरावा, मोठे गोटे वेंचून काढावे, पाणी शिंपडावें आणि धुम्मसानें किंवा यंत्रानें चोपून मगच दुसरा थर घालावा.

पाणी किती शिंपडावें? अमेरिकेंतील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनीं १९३३ सालीं असें दाखविलें कीं, प्रत्येक मातीला ओलाव्याचें एक ठराविक प्रमाण असतें, आणि त्या प्रमाणांतच ती सर्वांत घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहींत. अधिक ओली असेल तर पाणीच जागा अडवितें. हाताची खूण अशी: मुठींत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांना चिखल लागूं नये, आणि गोळा खालीं टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे व्हावे, त्याचा भुगा होऊं नये.

शेवटीं घराभोंवतालचा विचार. पायाच्या बाहेरच्या चरांत वाळू किंवा नुसते खडे भरूं नयेत. सभोंवार पाणी न मुरणारी काळी माती आणि मध्यें पाझरणारी वाळू, असें झालें कीं तो चर पावसाळ्यांत पाण्याचें टांकेंच बनतो. तेथेंही मातीचा अंश असलेला मुरूमच थरांनीं चोपून भरावा, आणि त्यावर घराच्या चहूंबाजूंनीं निदान तीन फूट रुंदीची पक्की फरशीपट्टी करावी. भोंवतालच्या जमिनीला घरापासून दूर उतार द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरे होतो. वळचणीचें पाणी व न्हाणीचें सांडपाणी पायाजवळ मुरूं देऊं नये. मोठें झाडही पायाला खेटून लावूं नये. त्याचीं मुळें उन्हाळ्यांत ओल शोषून घेतात आणि तेथील माती आकसून पाया एका बाजूनें खचतो.

हीं सर्व कामें होळीनंतर काढून मृगापूर्वीं पुरीं करावीं. खदानीचे रस्ते तेव्हां कोरडे असतात आणि मुरूमही कोरडा मिळतो. मात्र चांगल्या भरणीनें कच्चा पाया पक्का होत नाहीं, हें विसरूं नये. काळ्या मातींत पाया किती खोल न्यावा, हें जाणत्या अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावें. भरणीचें काम तेवढें धन्याच्या देखरेखीखालीं व्हावें. फरशी बसल्यावर तें कोणालाही दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्यांतच कुचराई होते. बाटलीभर रॉकेल, एक फूटपट्टी आणि चार दिवसांची दक्षता, एवढ्या खर्चांत पुढच्या पिढीला चिरा नसलेल्या भिंती मिळत असतील, तर तो खर्च वऱ्हाडांतील प्रत्येक घरधन्यानें आनंदानें करावा.