पत्र्याची पेटी आणि ढगातली पेटी

आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात दागिने नसतात, कागद असतात. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, टी.सी., गुणपत्रिका, घराचा आठ-अ. मुलाच्या ॲडमिशनची तारीख जवळ आली की सारे घर त्या पेटीत डोके घालून बसते. एका कागदापायी माघारी गेलेली माणसे आम्ही कारकुनीत पुष्कळ पाहिली आहेत.

हल्ली मुलांच्या तोंडी 'क्लाउड' हा शब्द असतो. क्लाउड म्हणजे ढग, पण आभाळात काही नसते. मोठाल्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. नवी मुंबईत अशा इमारती आहेत. आपण फोनमधून पाठविलेला कागद इंटरनेटवरून अशा ठिकाणी जातो आणि सहसा त्याच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात. नांदेडच्या शाखेत भरलेले पैसे लातूरला काढता येतात, तसेच हे. फोन विहिरीत पडला तरी दुसऱ्या फोनवर खाते उघडले की कागद समोर येतो.

मराठवाड्याने कागदांचे हाल पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांची पेटी ढिगाऱ्याखाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत पुराचे पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर घर धुता येते, भिजलेला दाखला वाळवून उपयोग नसतो.

आता नीट समजून घ्यावे अशी गोष्ट. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. तिथे ठेवलेला फोटो ही आपली झेरॉक्स. डिजिलॉकर ही भारत सरकारची सोय २०१५ मध्ये सुरू झाली. त्यात सरकारी खात्याने किंवा बोर्डाने स्वतः टाकलेला कागद २०१७ च्या नियमाप्रमाणे मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. पण त्याच डिजिलॉकरमध्ये आपण फोटो काढून चढविलेला कागद झेरॉक्सच राहतो. हा फरक न कळल्याने खिडकीवर वादावादी होते.

मग जुन्या कागदाचे काय? अनुसूचित जातीच्या व्हॅलिडिटीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडे तेव्हा हैदराबाद संस्थानची राजवट नुकतीच संपली होती. पुष्कळ नोंदी उर्दूत वा मोडीत आहेत. असा उतारा डिजिलॉकरमध्ये आपोआप येणार नाही. त्याचा स्वच्छ फोटो क्लाउडवर ठेवलाच पाहिजे. फोटो पुरावा म्हणून चालणार नाही हे खरे, पण त्यावर शाळेचे नाव, रजिस्टरचा क्रमांक आणि साल असते. मूळ कागद गेला तर नक्कल मागायला कुठे जायचे हे त्यावरून कळते. नाहीतर तीन पिढ्यांपूर्वीची शाळा कोणती, इथूनच शोध सुरू होतो, आणि ते सांगणारी म्हातारी माणसे घरात राहिलेली नसतात.

किल्लीही जपावी लागते. आधारला जोडलेले सिमकार्ड रिचार्जअभावी बंद पडले की ओटीपी येत नाही आणि पेटी कुलूपबंद. गूगलचे खाते दोन वर्षे वापरलेच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते. सेतू केंद्रात किंवा कॅफेत खाते उघडले तर बंद करूनच उठावे. दुकानदार ओळखीचा असला तरी पासवर्ड त्याच्या वहीत लिहून देऊ नये. ही सवय आमच्या लोकांत फार आहे. खेड्यात लाईट आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशीच कागद फोनमध्ये उतरवून घ्यावा.

लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलीला दाखला लागला तर वडिलांना नांदेडहून बसने यायला नको. पेटी मात्र फेकू नये. फोटो काढताना सुरुवात तिच्या तळाच्या कागदापासून करावी. तो सर्वांत जुना असतो, घडीवर फाटत आलेला असतो.