किल्ली कमरेला, पण ओटीपी कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, कपाटाची किल्ली कुठे आहे हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. पण तुमच्या बँक खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, हे सांगता येईल? थांबा, पासबुक काढायला उठू नका. आधी माझीच फजिती ऐका.

मागच्या वर्षी आमच्या ह्यांना रात्री अचानक जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे आगाऊ रक्कम भरायला सांगितली. माझ्या खात्यात पैसे होते, माझ्या शिकवण्याच्या पगारातले. घाईत कार्ड घरी राहिलेलं. फोनवरून पाठवू म्हटलं, तर खात्याला नंबर ह्यांचा! खातं उघडताना फॉर्म ह्यांनीच भरला होता ना. म्हणजे ओटीपी ह्यांच्या फोनवर, फोन ह्यांच्या अंगठ्याने उघडणारा, आणि हे अतिदक्षता विभागात, जिथे मला सोडत नव्हते. शेवटी धाकट्या भावजींनी पहाटे पैसे आणून भरले. ह्यांचा हेतू काही वाईट नव्हता हो. "तुला कशाला त्रास," एवढंच. पण त्या रात्री त्रास कुणाला झाला?

बाकावर बसल्या बसल्या मला सासरचा जुन्या जालन्यातला वाडा आठवत होता. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी. येणाऱ्याला वाकूनच आत यावं लागे, तेवढ्यात सासूबाई ओसरीवरून माणूस ओळखून घेत. रात्री आतून अडसर. कोण येतंय आणि कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवणारी घरचीच बाई. आजचा ओटीपी म्हणजे तीच दिंडी आहे, फक्त आपण ओसरीवर नाही.

बँकेच्या लॉकरचंच बघा. तो एका किल्लीने उघडत नाही. एक बँकेची, एक आपली. आपली किल्ली आपण डब्याच्या तळाशी जपतो. पण रिझर्व्ह बँकेचे 1 जानेवारी 2022 पासूनचे नियम माहीत आहेत? लॉकर उघडला की त्याच दिवशी तारीख-वेळेसह संदेश आला पाहिजे. चोरी, आग किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यात माल गेला, तर भरपाई वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत. आता बोला, वर्षाला 2,000 रुपये भाडं असेल तर जास्तीत जास्त 2 लाख. पाटल्या-बांगड्या कितीच्या, हिशेब तुम्हीच करा. आणि तो संदेश जाणार कुठे? नोंदवलेल्या नंबरावर. तो जुना, बंद पडलेला असला तर तुम्हाला पत्ताच नाही. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणजे आपल्या दिंडीवर परकं माणूस बसलं म्हणायचं.

म्हणून घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे: पासबुक आणि आधार घेऊन शाखेत गेले, अर्ज देऊन माझा स्वतःचा नंबर जोडून घेतला. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलला. दोन चकरा झाल्या, एक दुपार रांगेत गेली, पण झालं. वारसाचं नावही त्याच वेळी तपासलं. पिनच्या बाबतीत आमच्या शिक्षिकांच्या खोलीतली गंमत: एकीने कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहून ठेवलेला. कडीला कुलूप आणि कुलपाला किल्ली लटकवलेली! बरं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्यायचा. फसलातच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 ला आणि बँकेला कळवा.

आता अंगठा. पिन बदलता येतो, कुलूप बदलता येतं, अंगठा कुठून बदलणार? गावोगावी आधार क्रमांक आणि अंगठा यावर खात्यातले पैसे निघतात, ओटीपीशिवाय. सोय चांगलीच आहे, म्हाताऱ्या माणसांना तर फारच. पण कागदपत्रांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचे प्रकार देशात उघडकीस आलेत. त्यावर उपाय आहे: आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बोटांचे ठसे 'लॉक' करता येतात. मात्र लॉक केले की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, जाण्याआधी उघडावं लागतं. आमच्या शेजारच्या काकू हे विसरल्या आणि भर उन्हात रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. तशीही भांडी घासून घासून बोटांच्या रेषा इतक्या पुसट झाल्यात की मशीन त्यांना ओळखतच नाही, ती तक्रार वेगळीच.

हे आता बरे आहेत. त्यांचा फोन आता माझ्याही अंगठ्याने उघडतो. माझा त्यांच्या अंगठ्याने उघडावा का, यावर मात्र आमच्याकडे रोज चहाच्या वेळी चर्चा चालू आहे.