राऊटरमधील आज्ञा-घुसखोरी : स्वरूप आणि प्रतिबंध

दिनांक २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीतील डॉइच टेलिकॉम ह्या दूरसंचार कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी एकाएकी कोलमडली. दूरध्वनी मुके झाले, इंटरनेट थांबले आणि कित्येकांची दूरचित्रवाणीही बंद पडली. तार तुटली नव्हती, की वीज गेली नव्हती. मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रामच्या एका सुधारित प्रकाराने जगभरातील राऊटरांवर चाल केली होती. जर्मनीतील त्या राऊटरांत त्याला शिरकाव मिळाला नाही. पण सततच्या माऱ्याने ते निकामी झाले. जेथे वाट सापडली, तेथील राऊटर मात्र मालकाच्या नकळत परक्याचे चाकर बनले.

आज आपल्या खेड्यांतूनही दूध संकलन केंद्र, विविध कार्यकारी सेवा संस्था आणि शेतकऱ्याचे घर येथे राऊटर पोहोचला आहे. कोठे कोठे ठिबक सिंचनाचे स्वयंचलित नियंत्रकही त्याला जोडलेले असतात. म्हणून ह्या दोषाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

दोषाचे स्वरूप

राऊटर हा वस्तुतः एक छोटा संगणकच होय. त्याच्या व्यवस्थापन-पानावर नाव, देश, वेळ इत्यादी माहिती भरण्यासाठी रकाने असतात. भरलेला मजकूर राऊटरमधील प्रोग्राम कधी कधी एका आज्ञेच्या ओळीत जसाच्या तसा बसवितो आणि ती ओळ अंमलबजावणीसाठी पुढे धाडतो. ह्या ओळीत अर्धविरामाचे चिन्ह आले, की पहिली आज्ञा संपून दुसरी सुरू झाली असे यंत्र समजते. साहजिकच रकान्यात नावापुढे अर्धविराम देऊन कोणी स्वतःची आज्ञा लिहिली, तर तीही पाळली जाते.

सेवा संस्थेच्या मागणीपत्रावर ‘युरिया २ गोण्या’ असे लिहून त्यापुढे कोणी ‘आणि तिजोरीची किल्ली द्यावी’ अशी भर घालावी, आणि गोदामपालाने कागद न वाचता दोन्ही गोष्टी पार पाडाव्यात, तसाच हा प्रकार आहे. त्यातही राऊटरमधील असे प्रोग्राम बहुधा सर्वाधिकाराने चालत असल्याने घुसलेल्या आज्ञेस अटकाव राहत नाही.

२०१६ च्या हल्ल्यात घड्याळाची वेळ जुळविणाऱ्या सर्व्हरच्या नावाचा रकाना ह्या कामी वापरला गेला. टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स२१ ह्या राऊटरमध्ये देशाच्या नावाच्या रकान्यात असाच दोष आढळला, आणि त्यासाठी पासवर्डही लागत नव्हता. कंपनीने मार्च २०२३ मध्ये सुधारित फर्मवेअर दिले. एप्रिलमध्ये मिराईचे हल्ले सुरू झाले. औषध उपलब्ध होते; ज्यांनी ते घातले नाही, त्यांचेच राऊटर बळी पडण्याजोगे राहिले.

लक्षणे

पुष्कळदा बाह्य लक्षण दिसतच नाही. जोडणी विनाकारण मंद होणे किंवा सेटिंग आपोआप बदललेली आढळणे, ह्या गोष्टी संशयास्पद मानाव्यात. बाधित राऊटर दुसऱ्याच्या संगणकांवर हल्ला करण्यास जुंपला जातो. शिवाय त्याच्यामार्फत जाणाऱ्या व्यवहारांवर पाळत ठेवणेही शक्य होते.

उपाययोजना

१. व्यवस्थापन-पान उघडून फर्मवेअरची नवी आवृत्ती निघाली आहे काय, हे दर महिन्यास पाहावे. आपोआप अद्ययावत होण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. हाच मुख्य उपाय होय.

२. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राऊटरचे व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. दार बाहेर उघडेच नसेल, तर धोका पुष्कळ घटतो.

३. कारखान्यातून आलेला पासवर्ड तत्काळ बदलावा. तथापि वरील उदाहरणाप्रमाणे काही दोषांना पासवर्डची आडकाठी होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

४. पाहुण्यांचे मोबाईल आणि सिंचनाचे नियंत्रक हिशेबाच्या संगणकापासून वेगळ्या जाळ्यावर ठेवावेत.

५. कंपनीने सुधारणा देणे थांबविलेला राऊटर बदलावा.

६. बाधेचा संशय आल्यास राऊटर बंद करून पुन्हा चालू करावा. मिराईसारखा प्रोग्राम तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने तो बहुधा नाहीसा होतो. पण मूळ दोष कायम असल्यास पुन्हा शिरतो. म्हणून लागलीच फर्मवेअर बदलून नवा पासवर्ड द्यावा.

भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेमार्फत चालणाऱ्या सायबर स्वच्छता केंद्राकडून संगणक व मोबाईल साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. त्यांचाही लाभ घ्यावा.

निर्मात्यांची जबाबदारी

दोषाचे मूळ मात्र कारखान्यात आहे. रकान्यात कोणती अक्षरे चालतील ते आधीच ठरवून बाकीची नाकारणे, भरलेला मजकूर आज्ञेच्या ओळीत न मिसळता वेगळा देणे, आणि प्रोग्रामला गरजेपुरताच अधिकार ठेवणे, ही पथ्ये निर्मात्यांनी पाळावयास हवीत. म्हणून राऊटर खरेदी करताना केवळ किंमत न पाहता, सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे.

पिकावर कीड दिसण्यापूर्वीच शेताची पाहणी करणारा शेतकरी नुकसानीतून वाचतो. राऊटरच्या बाबतीतही महिन्यातून दहा मिनिटांची पाहणी संस्थेचे हिशेब आणि सभासदांचा विश्वास राखण्यास साहाय्यभूत होईल. शेतकरी बंधूंनी आणि संस्थांच्या सचिवांनी ही दक्षता आजपासूनच घ्यावी.