घरच्या घरी सायकलची जुळणी

सायकल कारखान्यातून तयार होऊनच बाहेर पडते, अशी अनेकांची समजूत असते. आपल्या देशात ती फारशी खरी कधीच नव्हती. मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) अशा कंपन्यांचा माल विक्रेत्याकडे जाई तो बव्हंशी सुट्या भागांच्या रूपाने. सांगाडा, चाके, चेन, ब्रेक यांची जुळणी दुकानातला मिस्त्री करी आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडे ती धावती सायकल. मिस्त्रीने किती काम केले, हे त्याला कळतही नसे.

आज बंगळूरसारख्या शहरात सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यातून थेट सदनिकेच्या दारात येते. सोबत घडी घातलेला माहितीचा कागद आणि दोनतीन किल्ल्या असतात. बरीचशी जुळणी कारखान्यातच झालेली असल्यामुळे पुढचे चाक, हँडल, सीट आणि पेडल एवढेच बसवायचे उरते. काम थोडे दिसते खरे. परंतु स्वाराची दिशा, तोल आणि थांबणे ही सर्व या थोड्याशा कामावरच अवलंबून असतात.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे आणि तेथील रस्ते चढउतारांचे आहेत. शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवरील नंदी टेकडी (उंची १,४७८ मीटर) चढून जाण्याची तेथील सायकलस्वारांना मोठी हौस. चढताना छातीची परीक्षा होते, तर उतरताना जुळणीची. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन ४०० मीटर खाली उतरले, तर जी ऊर्जा मोकळी होते तिने एक लिटर पाणी ७५ अंशांनी तापेल. ही ऊर्जा काही हवा शोषते आणि उरलेली ब्रेकने शोषावी लागते.

खोक्यात जागा वाचावी म्हणून पुढचे चाक धरणारा चिमटा पुष्कळदा मागे वळवून ठेवलेला असतो. नवखा माणूस तो तसाच ठेवून हँडल बसवतो आणि सायकल दिसायला पूर्ण होते. मात्र चिमट्याचा बाक पुढे असावयास हवा. तो उलटा राहिला तर पायाचा चवडा चाकाला लागतो आणि हँडल अस्थिर होते. चकतीचा ब्रेक असल्यास त्याची पकड स्वाराच्या डाव्या बाजूस आली की चिमटा सरळ आहे असे समजावे.

अलीकडच्या पुष्कळ सायकलींत हँडलच्या माथ्यावर एक आणि बाजूला दोन बोल्ट असतात. माथ्यावरचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असे वाटते, पण त्याचे काम केवळ छऱ्यांमधील ढिलाई काढण्याचे आहे. म्हणून बाजूचे बोल्ट सैल असतानाच तो आवळावा, हँडल सहज वळते ना हे पाहावे आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीने घट्ट करावेत. त्यांच्यावर बहुधा ५ न्यूटन-मीटर असा आकडा असतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब किल्लीच्या टोकाशी सुमारे ५ किलो वजनाइतका जोर. याहून अधिक बळ लावणे हा मनगटाचा पराक्रम झाला, जुळणी नव्हे.

सर्वांत जास्त घोटाळा पेडलांपाशी होतो. उजव्या पेडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. दोन्हींवर उ आणि डा या अर्थाची रोमन अक्षरे कोरलेली असतात. डावे पेडल उजवीकडे बळेच घातले, तर क्रँकचे आटे जातात आणि क्रँकच बदलावी लागते. उलटे आटे कशासाठी? बांगडीच्या आतल्या कडेला पेन्सिल टेकवून, न घसरू देता, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवून पाहावी. पेन्सिल स्वतःभोवती मात्र घड्याळाच्या दिशेने फिरते. पेडलाचा दांडाही आपल्या भोकात अगदी किंचित सैल असतो. पायाचा भार सदैव खाली आणि क्रँक फिरती, त्यामुळे दाबाची जागा भोकाच्या कडेने सरकत जाते आणि दांडा हळूहळू उलट फिरू पाहतो. उजवीकडे ही फिरकी नेहमीचे आटे आवळते. डावीकडे तीच त्यांना सैल करील, म्हणून तेथे आटे उलटे. लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी : पाना वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडले आवळली जातात. आट्यांना आधी ग्रीस लावावे आणि सुरुवातीचे वेढे बोटांनीच द्यावेत.

सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते. ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. रबरी ब्रेकचे गुटके पूर्णपणे रिमवर टेकावेत. ते वर सरकले तर टायर कापतात, खाली उतरले तर आऱ्यांत जातात. आपल्याकडे उजव्या मुठीने पुढचा ब्रेक लागतो. परदेशी सायकलीत हा क्रम उलटा असू शकतो, तेव्हा रस्त्यावर येण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल, तर चाक बसवण्याआधी मूठ दाबू नये. आतील दट्टे बाहेर येऊन चकतीला जागा उरत नाही.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलपाशी खट्खट् जाणवली तर छरे सैल आहेत. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. ते जागचे हलू नये. एवढे झाल्यावरही काम संपत नाही. नव्या ब्रेकच्या तारा आणि चाकाचे आरे वापराने आपापल्या जागी बसतात आणि पहिल्या शंभरएक किलोमीटरांत ढिले पडतात. बोल्ट व तारा घरी पुन्हा आवळता येतात. चाकाचा आउट काढण्यासाठी मात्र सायकल दुकानात न्यावी. प्रत्येक आऱ्याचा ताण बोटांनी पारखणारा मिस्त्री तेथे अद्याप भेटतो.