भेगाळणारी काळी माती : डोंगरपायथ्याच्या जमिनीची ओळख

आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या आणि आज शिकत असलेल्या अनेक मुलांची घरे डोंगरपायथ्याच्या गावांत आहेत. बालाघाटच्या रांगा असोत वा अजिंठ्याच्या, तेथील चित्र बहुतेक सारखेच असते. वर खडकाळ माथा, त्याखाली मुरमाड उतार, उताराच्या पायाशी काळ्या मातीचा पट्टा आणि त्या पट्ट्यावर गावाचे गायरान. चैत्र-वैशाखात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आषाढात तीच जमीन पायातली वहाण ओढून घेते. लहानपणी आम्ही त्या भेगांत काठ्या घालून त्यांची खोली मोजत असू. पुढे विज्ञान शिकवताना त्याच भेगांचा अर्थ मुलांना सांगण्याची जबाबदारी आमच्यावर आली. स्मरणिकेच्या निमित्ताने तोच अर्थ आपल्यासमोर मांडत आहोत.

या मातीचा जन्म दख्खनच्या काळ्या खडकातून झाला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले व त्यांचा बेसाल्ट खडक झाला. ऊन, पाऊस आणि वनस्पतींची मुळे यांनी तो झिजत गेला. पावसाच्या पाण्याने खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम उतारावरून खाली आणले आणि जेथे उतार मंदावतो तेथे ते साठले. अशा जागी माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमाती तयार होते. म्हणूनच एकाच डोंगराच्या कुशीत माथ्यावर बरड, मध्ये मध्यम व तळाशी भारी काळी असा क्रम आढळतो. पायथ्याची माती ही एका अर्थी वरच्या डोंगराची हजारो वर्षांची ठेव आहे.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. माँटमोरिलोनाइटचा कण पुस्तकासारखा पानांवर पाने रचून बनलेला असतो. पाणी या पानांच्या मधोमध शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी निघून गेले की पाने जवळ येतात व माती आकसते. अशा एका ग्रॅम मातीतील सर्व पानांचे पृष्ठफळ काही शे चौरस मीटर भरते. एवढ्या पृष्ठावर धरलेले पाणी बाहेर पडले की जमिनीचे आकारमान घटते आणि ती ठिकठिकाणी फाटते. मृदाशास्त्रज्ञ या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हा शब्द आला आहे. त्या वर्गात बसण्यासाठी मातीत किमान ३० टक्के चिकणकण असावे लागतात आणि कोरड्या ऋतूत तिला खोलवर भेगा पडाव्या लागतात.

उलटणे हे नाव मोठे समर्पक आहे. उन्हाळ्यात पृष्ठभागावरची भुसभुशीत माती भेगांत घरंगळते. पावसाळ्यात भेगा मिटतात, पण आत पडलेल्या मातीमुळे तेथे जागा अपुरी पडते आणि फुगणारी माती बाजूला व वर रेटली जाते. विहिरीसाठी खोदताना काळ्या थरात तिरप्या, घासून गुळगुळीत झालेल्या चकाकत्या पृष्ठांचे तुकडे निघतात, ते या रेट्याचेच चिन्ह. माती अशा रीतीने स्वतःला संथपणे नांगरत असते. तेव्हा उन्हाळ्यातील भेग म्हणजे जमीन मेल्याची खूण नव्हे. तो तिच्या जगण्याचा क्रम आहे.

काळ्या रंगाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. रंग गडद म्हणून मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल असे वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडील काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा १ टक्क्याहूनही कमी आढळते. नत्र व स्फुरद यांचीही उणीव असते. चुना मात्र मुबलक असतो. खणताना पांढऱ्या चुनखडीचे खडे हाती लागतात. या मातीची खरी श्रीमंती तिच्या पाणी धरण्याच्या शक्तीत आहे. एक मीटर खोल काळी माती पिकाच्या उपयोगी पडेल असे साधारण १५ ते २५ सेंटीमीटर पावसाइतके पाणी पोटात ठेवते. पाऊस सरल्यावर केवळ या ओलीवर शाळू, करडई व हरभरा उभे राहतात.

गायरानाचा विचार येथूनच सुरू होतो. पायथ्याच्या वरच्या अंगाला काळ्या मातीची जाडी बहुधा वीतभर ते हातभर असते व खाली मुरूम लागतो. मीटरभर मातीत जे पाणी राहते त्याचा चौथा हिस्साच वीतभर मातीत राहणार. त्यातील चार बोटे माती वाहून गेली, तर उरलेल्या ओलीवर गवतही धड वाढत नाही. ही माती नेमकी कधी वाहते? उन्हाळ्यात तिचा वरचा थर बारीक दाणेदार होतो. त्यावर गुरांच्या खुरांची वर्दळ झाली की दाणे सुटे होतात. वळवाचे पहिले पाणी भेगांतून भराभर आत जाते. परंतु भेगा मिटल्या की हीच जमीन पाणी अत्यंत सावकाश पिते. मग उरलेले पाणी उतारावरून धावते आणि सुटी माती ओढ्याला नेऊन घालते.

भर पावसात गुरे सोडल्यास दुसरे नुकसान होते. ओल्या चिकणमातीत खूर रुततो, गवताचे बुंधे चिखलात दडपले जातात आणि ऊन पडताच ते ठसे विटेसारखे टणक होतात. चांगल्या राखलेल्या काळ्या कुरणात मारवेल हे रसाळ गवत वाढते; अतिचराई झालेल्या, माती उडालेल्या जागी कुसळीचे राज्य येते. कपड्याला कुसळे चिकटू लागली की जमीन आपले दुखणे सांगत आहे असे समजावे. जोरदार पावसानंतर वाफसा येईपर्यंत गुरे बाहेर ठेवणे, कुरणाचे भाग पाडून ते आळीपाळीने चारणे, वरच्या उतारावर समतल चर काढणे आणि गवत बी धरेपर्यंत एखादा भाग राखणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

वाफसा हा शब्द आपल्या आजोबा-आजींनी शेतात जपला. माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशी ती वेळ. भारी काळ्या जमिनीत ही वेळ थोडीच टिकते. अगोदर औत घातले तर चिखल घट्ट होतो. उशीर केला तर ढेकळे फुटत नाहीत. रब्बी ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी, असे कृषी विद्यापीठे सांगतात. त्यामागचे कारण आता लक्षात येईल. कोळप्याने भेगा बुजतात व खालची ओल उडून जाणे थांबते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत विकसित केली. वरंब्यावर पिकाच्या मुळांना हवा मिळते आणि सरीतून जादा पाणी मंद गतीने निघून जाते.

घर बांधणाऱ्यांनीही या मातीची प्रकृती जाणावी. आपल्या जुन्या भाषेत शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत. वस्ती फुगणाऱ्या मातीवर वसवू नये, हे शहाणपण या दोन शब्दांत आहे. पण जागा निवडण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. गावकुसाबाहेर जी जमीन वाट्याला आली, तिच्यावरच अनेकांनी घरे उभारली आणि दरवर्षी भिंतींच्या चिरा लिंपल्या. आज पाया मुरमापर्यंत नेणे, घराभोवती पाणी साचू न देणे आणि भिंतीलगत मोठी झाडे न लावणे हे उपाय कोणालाही करता येतात. काळी माती फार खोल असेल तेथे रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगीर खांबांचा पाया उपयोगी पडतो.

या जमिनीशी आपला आणखी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये व पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी, यासाठी हजारो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. आपल्यापैकी कित्येकांच्या कुटुंबांकडे असलेला एक-दोन एकरांचा गायरान तुकडा हे त्या पिढीच्या कष्टाचे फळ आहे. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून झगडा करावा लागतो, तो केलाच पाहिजे. परंतु नाव लागले आणि माती ओढ्यात गेली, तर हाती केवळ मुरूम उरेल. वीतभर माती पुन्हा तयार व्हायला माणसाच्या अनेक पिढ्या लागतात.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. या सुटीत मुलांना घेऊन आपल्या तुकड्यावर जा. काचेची बाटली एकतृतीयांश मातीने भरा, वर पाणी घालून जोराने हलवा व ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसेल, गाळ काही तासांत. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसले तर चिकणमाती भरपूर आहे असे समजा. मग कुदळीने एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजा. आपण जमीन राखली की गमावली, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळेल.