बुडणारं बूच, अडकणारी तार

संपादकांनी मागितला होता नवी मुंबई विमानतळावरचा लेख. ८ ऑक्टोबर २०२५चं उद्घाटन, २५ डिसेंबरपासूनची उड्डाणं, उलव्याची कापलेली टेकडी, वळवलेले नदीचे प्रवाह, दि. बा. पाटलांच्या नावासाठीचा लढा, असा सगळा ऐवज हाताशी होता. त्यात मी एक भाबडा प्रश्न घातला: टाकीत नेमकं किती इंधन उरलंय हे वैमानिकाला कळतं कसं? मोठ्या जेट विमानाचं उत्तर सरळ निघालं. टाकीत ठिकठिकाणी नळीच्या आत नळी उभी असते, दोन्हींच्या मधल्या फटीत इंधन चढतं. हवेपेक्षा इंधन विद्युतभार साठवायला साधारण दुप्पट मदत करतं, त्यावरून संगणक पातळी काढतो. हलणारा भाग एकही नाही. उत्तर इतकं चोख की पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून मी उलटा निघालो, जुन्या आणि लहान विमानांकडे, आणि एका बुचाच्या तुकड्यापाशी अडकलो. विमानतळाचा लेख नंतर कधीतरी.

खाडी ओलांडून पश्चिम किनारा गाठला की जुहूचा एरोड्रोम लागतो. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते, पण १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला मुलकी विमानतळ. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला तो याच क्लबात शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ला ते कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानाने जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला थांबले तेव्हा बर्मा शेलचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर आलं होतं. इतिहास लिहिणारे टपालाच्या थैलीपाशी रेंगाळतात. मला ते डबे महत्त्वाचे वाटतात. किती डबे ओतले हे ज्याने मोजलंय, त्यालाच पुढे काटा थापा मारतोय का हे ताडता येतं.

त्या काळच्या क्लबांतलं आणि नंतर हवाई दलाच्या शिक्षणातलं ओळखीचं विमान म्हणजे टायगर मॉथ. १९३१मध्ये पहिल्यांदा उडालं, जगभरात ८,०००हून अधिक बनली. भारतीय हवाई दलाने जपलेलं एक टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन आलं आणि २०१२च्या हवाई दल दिनाला हिंडन हवाई तळावर उडालं. याची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, वैमानिकाच्या डोक्याच्या जरा पुढे. १९ गॅलन, म्हणजे सुमारे ८६ लिटर. पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरतं. इंधनमापक त्या टाकीवरच बसवलेला, आतल्या तरंगत्या गोळ्याने हलणारा. वैमानिकाने मान वर करायची आणि बघायचं. तारा नाहीत, बॅटरी नाही.

अमेरिकेच्या पायपर कबने यातलंही निम्मं काढून टाकलं. त्याची ४५ लिटरची टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्या मधे असते. टाकीच्या झाकणाला एक भोक, भोकातून वर आलेली एक तार आणि तारेच्या खालच्या टोकाला बूच. टाकी भरलेली असली की तार काचेसमोर उंच उभी दिसते. इंधन जळत जातं तशी ती खाली खाली जाते. तार झाकणाला टेकली की उतरायची जागा आधीच ठरलेली असावी. बजाज चेतकवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली त्यांना यात नवल वाटणार नाही. काटा नाहीच, गाडी अडखळली की कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि रिझर्व्हही संपलं की गाडी तिरकी करून पंप गाठायचा. कबच्या वैमानिकाला ती तिरकी करायची सोय मात्र नाही.

मी ज्याच्यात गुंतलो ते हेच बूच आणि हीच तार. कारण दोन्ही बिघडतात, पण विरुद्ध दिशांना.

बुचाला लाखेचा लेप दिलेला असतो. लेप झिजला, तडकला की बूच पेट्रोल पितं, जड होतं, खोल बसतं. मग तार खऱ्या पातळीपेक्षा कमी दाखवते. वैमानिक घाबरून लवकर उतरतो आणि टाकीत पाच-सात लिटर शिल्लक सापडतात. हे खोटं बोलणं सोसण्यासारखं आहे. तार वाकली तर गोष्ट उलटी. वाकलेली तार झाकणाच्या भोकात अडकते, बूच खाली इंधनाबरोबर उतरू पाहतं, तार उतरू देत नाही. बाहेरून तार ऐटीत उभी, आत टाकी रिकामी होतेय. आणि ते भोकच टाकीत हवा जायची वाट असल्यामुळे कुणी शहाणपणाने तिथे घट्ट रबर बसवलं तर टाकीत पोकळी तयार होऊन इंधनच अडतं. म्हणून उड्डाणाआधी मेकॅनिक किंवा वैमानिक तार चिमटीत धरून हलकेच खाली दाबतो आणि सोडतो. ती आपली आपण वर आली पाहिजे. बस्स, एवढीच तपासणी, पण ती चुकवायची नाही.

बुचाची डागडुजी सुताराला ओळखीची वाटेल. बाहेर काढायचं, सावलीत पूर्ण सुकू द्यायचं, जुना लेप खरवडायचा, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन हात द्यायचे, दर हाताला वाळू द्यायचं. तार सपाट पाट्यावर लोळवून सरळ करायची. घाई केली की लेपाखाली ओल राहते आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच.

पुढे विजेचे मापक आले. तरंगता गोळा एका दांडीवर, दांडी फिरली की विजेला होणारा विरोध बदलतो, त्यावर पॅनेलमधला काटा हलतो. ही कल्पना मोटारींतून आली आणि येताना मोटारींचा घोळही घेऊन आली. एका पद्धतीत रिकाम्या टाकीला विरोध जास्त, सुमारे २४० ओहम, आणि भरलेल्या टाकीला ३०च्या आसपास. दुसऱ्या पद्धतीत रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ९०. आता गळती थांबवायला स्क्रूंना सीलंट फासलं, अर्थिंग नीट मिळेना, विरोध वाढला, तर पहिल्या पद्धतीत काटा रिकाम्याकडे सरकतो आणि दुसऱ्यात भरलेल्याकडे. तार तुटली तरी तेच. एकाच बिघाडाने एक विमान भित्रं होतं, दुसरं बेदरकार. जुन्या विमानात पॅनेलचा काटा एका वंशाचा आणि टाकीतला भाग दुसऱ्या वंशाचा बसवलेला निघाला, तर तो बदलेपर्यंत त्या काट्याकडे पाहूच नये.

पितळी पोकळ गोळ्याची खोडी आणखी वेगळी. डाखाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं. शोधायची रीत सोपी: गोळा कडकडीत पाण्यात धरायचा, बुडबुडे जिथून येतील तिथे भोक. पण सापडलं म्हणून लगेच डाख द्यायला बसायचं नाही. आत पेट्रोलची वाफ आहे, आणि तापलेला सोल्डरिंग आयर्न लावणाऱ्याच्या हातातच तो गोळा फुटेल. आधी आतलं सगळं काढायचं, वाफ घालवायची, मग डाख.

बसवून झालं की माप लावणं. माझ्या मते खरी कारागिरी इथे आहे. जुनी विमानं शेपटीवर बसलेली असतात, नाक वर. या अवस्थेत टाकीतलं पेट्रोल मागे जमतं आणि काटा उडतानापेक्षा वेगळंच सांगतो. म्हणून शेपूट घोड्यावर चढवून, स्पिरिट लेव्हल लावून विमान उडतानाच्या स्थितीत आणतात. विमान आणि डबा अर्थिंगने जोडतात. टाकी निथळून घेतात. मग जेवढं इंधन इंजिनाला कधीच मिळू शकत नाही तेवढं आत ओततात आणि तिथे काट्याचं शून्य ठरवतात. अमेरिकी नियमावलीत हे स्पष्ट आहे: सरळ उड्डाणात, वापरता न येणारं इंधन उरलं असताना काटा शून्यावर असला पाहिजे. त्यावरून 'काटा फक्त रिकाम्या टाकीतच खरं बोलतो' अशी थट्टा वैमानिकांत रूढ झाली. नियमाचा अर्थ तसा नाही, पण थट्टा अगदीच निराधारही नाही. पुढे मोजून लिटर ओतत जायचं आणि दर वेळी काटा कुठे आला ते कागदावर लिहायचं. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, त्यामुळे अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी हे फारच क्वचित जुळतं.

मापाशिवाय काय होतं ते सांगायला लहान विमानही लागत नाही. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधनमापक बंद असताना निघालं. टाकीतली पातळी हाताने मोजली होती, पण लिटरवरून वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला. हवे होते २२,३०० किलो, होते त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही इंजिनं हवेत थांबली आणि वैमानिकांनी विमान तरंगवत गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. ६९ जण वाचले. मोजपट्टी बरोबर होती, गणित चुकलं.

आता अडचणी. आपल्या किनाऱ्यावर पहिली अडचण पावसाळा. अर्धी टाकी ठेवून विमान हँगरमध्ये उभं केलं की दमट हवेतलं पाणी आत धरतं आणि तळाशी बसतं. म्हणून उडण्याआधी ड्रेन कॉकमधून काचेच्या भांड्यात थोडं इंधन काढून बघायचं. १००एलएल या विमानांच्या निळ्या पेट्रोलखाली पाण्याचा रंगहीन थर लगेच दिसतो. खारट हवेने विजेच्या मापकांचे स्पर्शबिंदू गंजतात ते वेगळंच. दुसरी अडचण जुन्या तबकड्यांची. रात्री चमकावेत म्हणून युद्धकाळातल्या उपकरणांवर रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच गेली, रेडियम आहे तिथेच आहे. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. काच उघडून रंग खरवडणं म्हणजे ती भुकटी श्वासात घेणं, त्यामुळे घरच्या टेबलावर ही दुरुस्ती करायची नाही. तिसरी अडचण कागदांची. विमानात बसणाऱ्या प्रत्येक भागाला तो कुठून आला याचा पुरावा हवा, सहीला परवानाधारक इंजिनिअर हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक टाक्यांवर तरंगत्या गोळ्याचे लेव्हल गेज सर्रास दिसतात. तसा गोळा बनवून देणारा कारागीर शोधणं कठीण नाही, तो विमानात बसवायची परवानगी मिळवणं कठीण.

पण सगळ्यांत मोठी अडचण इंधनाचीच. विमानांचं १००एलएल आपल्याकडे वर्षानुवर्षं बाहेरून यायचं. २०२२मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. जगभर लहान विमानांचे हौशी मालक स्वस्त म्हणून परवानगी असेल तिथे मोटारीचं पेट्रोल वापरतात. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं. ऊसकऱ्याला त्याचा फायदा होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल म्हणजे चपडा विरघळवणारं तेच स्पिरिट. बुचावरचा लाखेचा लेप ते धुऊन काढतं, लेपाचा चिकट गाळ गाळणीत जाऊन बसतो. जुनी रबरी सीलं फुगतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी उतरतं. सुरुवातीला सांगितलेल्या, नळीत नळी असलेल्या विजेच्या मापकालाही ते फसवतं, कारण इथेनॉल विद्युतभाराला पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक साथ देतं आणि काटा वर चढतो. म्हणजे जास्त दाखवतो, नको त्या दिशेला.

उपाय आहेत. बुचाऐवजी इंधन न पिणारे कृत्रिम फेसाचे गोळे मिळतात. पण त्यांचं वजन आणि तरंगण्याची पातळी वेगळी, म्हणजे पुन्हा विमान घोड्यावर चढवा, डबे मोजा, तार कापा, नवा कागद करा. तोवर लाकडी डीप-काठीवर भागवायचं. काठीला पॉलिश करायचं नाही, नाहीतर ओल दिसत नाही. आणि तिच्यावर ज्या विमानासाठी खुणा कोरल्यात त्याचा नोंदणी क्रमांक लिहायचा, कारण शेजारच्या विमानाच्या टाकीत तीच काठी चुकीचे लिटर सांगते.